कॅमेऱ्याची सॅक मंगळवारसाठी निवडा

पत्र

दादा, नमस्कार.

मी डोंबिवलीला राहते, नोकरी लोअर परळला. रोज सकाळी फास्ट लोकलने दादर आणि तिथून पुढची गाडी. गेल्या वर्षी कॅनन आर१० घेतला. १८-१५० मिमी, ५० मिमी आणि पक्ष्यांसाठी १००-४०० मिमी अशा तीन लेन्स आहेत. ऑफिस सुटल्यावर दादर-गिरगावात फिरून फोटो काढायचे, रविवारी एखादा किल्ला नाहीतर पक्ष्यांसाठी भिगवण, असं ठरवलं होतं. प्रत्यक्षात कॅमेरा कपाटातच जास्त असतो. लॅपटॉपच्या सॅकमध्ये तो नीट बसत नाही आणि दोन बॅगा घेऊन गाडीत चढणं शक्यच नाही. आता रोजसाठी आणि प्रवासासाठी मिळून एकच सॅक घ्यायची आहे. ऑफिसमधला मित्र म्हणतो, "एकदाच घ्यायची तर तीस लिटरची कॅमेरा सॅक घे, सगळं बसेल." ती पंधरा हजारांना आहे. माझं बजेट आठ-दहा हजार, पण चांगली असेल तर पैसे साठवीन. माझी उंची ५ फूट १ इंच. नोव्हेंबरमध्ये घरचे सगळे विमानाने चंडीगड आणि तिथून बसने मनालीला जाणार आहोत. शिवाय पावसाळ्याची धास्ती आहेच. काय घेऊ?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, नमस्कार.

कॅमेरा कपाटातच जास्त असतो, हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. हौसेने तीन लेन्स घेतलेल्या माणसाचा कॅमेरा घरी राहतो तेव्हा आळसापेक्षा सॅकचाच दोष जास्त असतो. म्हणून आधीच सांगून टाकतो, तीस लिटरची घेऊ नका. मित्राचा हेतू चांगला आहे, पण 'सगळं बसेल' हा हिशेब वर्षातल्या मोजक्या रविवारांचा आहे. बाकीचे सगळे दिवस ती सॅक घेऊन तुम्हाला डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहायचंय. निवडताना भिगवणची होडी डोळ्यांसमोर आणू नका, जुलैतली मंगळवारची सकाळ आणा. त्या सकाळी जी सॅक नकोशी होणार नाही, तीच तुमचा कॅमेरा घराबाहेर काढेल.

पहिल्यांदा वजन बघू, कारण दुकानात त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. तुमचा आर१० बॅटरी आणि कार्डासकट ४२९ ग्रॅम. १८-१५० ही लेन्स ३१० ग्रॅम, ५० मिमी १६० ग्रॅम आणि १००-४०० जवळपास ६३५ ग्रॅम. सगळं मिळून दीड किलोच्या जेमतेम वर. पक्ष्यांपर्यंत पोचणाऱ्या लेन्ससकट एवढं हलकं सामान असणं ही मोठी सोय आहे, ती सॅकपायी घालवू नका. जाड फोमचे कप्पे, कडक पाठ आणि तिन्ही बाजूंनी चेन असलेली मोठी कॅमेरा सॅक रिकामीच दीड ते अडीच किलो भरते. म्हणजे आतल्या सामानाइतकं किंवा त्याहून जास्त वजन नुसत्या सॅकचं. त्यात लॅपटॉप-चार्जरचे दोन किलो, भरलेली बाटली, डबा, छत्री. सात किलो कधी झाले ते कळतही नाही. शाळकरी मुलांचं दप्तर त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको, असं केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलंय. मोठ्यांसाठी असा नियम नाही, पण दादरच्या पुलाचे जिने रोज चढणाऱ्याने तो आकडा मनात ठेवायला हरकत नाही.

तेव्हा माझं मत असं: वीस-बावीस लिटरची, किलोभर वजनाच्या आतली, लॅपटॉपचा वेगळा कप्पा असलेली साधी पण मजबूत सॅक घ्या आणि तिच्या आत घालायला कॅमेऱ्याचा इन्सर्ट घ्या. इन्सर्ट म्हणजे फोमची, आत वेल्क्रोचे पडदे असलेली चौकोनी पिशवी. लेन्सच्या मापाप्रमाणे पडदे हलवता येतात आणि ती अख्खी उचलून दुसऱ्या कुठल्याही बॅगेत ठेवता येते. चांगला इन्सर्ट हजार-दोन हजारांत येतो. सॅकला तीन ते पाच हजार धरा. तुमच्या बजेटमध्ये हे बसून वर पैसे उरतात, आणि ते कुठे लावायचे तेही पुढे सांगतो.

इन्सर्टचं माप मात्र नीट घ्या. आर१० ची रुंदी सव्वाबारा सेंटिमीटर आणि उंची नऊच्या आत आहे. १८-१५० लावलेला कॅमेरा बुडावर ठेवला तर साडेनऊ-दहा सेंटिमीटर आतली उंची असलेला इन्सर्ट पुरतो. त्याच्या शेजारी ५० मिमी बसली की रोजचं काम झालं. १००-४०० रोज बाळगायचीच नाही. इन्सर्टची लांबी सॅकच्या आतल्या रुंदीला घट्ट बसेल अशी बघा, म्हणजे तो आत हिंदकळणार नाही. ऑनलाइन माप वाचताना ते बाहेरचं आहे की आतलं हे तपासा. फोमची जाडी दोन्ही बाजूंनी धरली तर दोन-तीन सेंटिमीटर सहज जातात, आणि नेमकी तेवढ्यानेच लेन्स अडते.

आता डबा. कॅमेरा सॅकच्या जाहिरातींत डब्याचा विचार कुणी केलेला नसतो. त्यांची रचना बहुधा अशी असते की कॅमेरा खाली आणि 'इतर सामान' वरच्या कप्प्यात. आपलं इतर सामान म्हणजे भेंडीची भाजी आणि आमटी. झाकण जरा सैल राहिलं की तेल गुरुत्वाकर्षणाने सरळ लेन्सवर. म्हणून साध्या सॅकमध्ये उलटं भरा: तळाला डबा, तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि त्याच्यावर इन्सर्ट. गळलंच तर खाली राहील. शिवाय कॅमेरा वर असल्यामुळे वरची चेन अर्धी उघडली की हाताशी येतो. पाण्याची बाटली कायम बाहेरच्या जाळीत. आत नाही म्हणजे नाही, बाटली कितीही चांगली असली तरी.

लोकलमध्ये सॅक पुढे घ्यावी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ही गोष्ट सॅक निवडताना बहुतेक जण विसरतात, कारण दुकानातल्या आरशात ती पाठीवर घालून बघतात. तुम्ही ती छातीवर घालून बघा. पन्नास सेंटिमीटर उंचीची सॅक ५ फूट १ इंचाच्या माणसाने पुढे घेतली की वरचं टोक हनुवटीला लागतं आणि खालचं मांडीवर आपटतं. पायाखालचं दिसत नाही, आणि फलाट आणि गाडीमधली फट तर दिसायलाच हवी. उंची त्रेचाळीस-पंचेचाळीसच्या पुढे नको. जाडी त्याहून महत्त्वाची. भरलेल्या सॅकची जाडी पंधरा-सोळा सेंटिमीटरपर्यंत असेल तर गर्दीत निभावतं. वीसच्या वर गेलात की बायकांच्या डब्यात रोज कुणाचं ना कुणाचं ऐकून घ्यावं लागेल, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

बाजूने उघडणाऱ्या चेनचं खूप कौतुक होतं. एका खांद्यावरून सॅक पुढे ओढायची, बाजूची चेन उघडायची, कॅमेरा हातात. मोकळ्या रस्त्यावर हे फार छान चालतं. दादरच्या फुलबाजारात पहाटे खाली चिखल-पाणी असतं, सॅक टेकवायला जागा नसते, तिथेही बाजूची चेन उपयोगी पडते, हे मान्य. पण तीच चेन तुम्ही गर्दीत उभ्या असताना तुमच्या नजरेआड, दुसऱ्याच्या हाताच्या उंचीवर असते. रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला मी ती आग्रहाने सुचवणार नाही. फुलबाजारात शिरण्याआधी, स्टेशनबाहेर एका कडेला उभं राहून कॅमेरा काढा, पट्टा गळ्यातून तिरका घ्या आणि चेन बंद करा. त्यानंतर तासभर सॅक उघडायची गरजच पडू नये. १८-१५० ही लेन्स त्यासाठीच आहे. गर्दीत लेन्स बदलण्याची सवय नसलेलीच बरी.

सॅक कॅमेऱ्याची दिसत नाही, हाही साध्या सॅकचा एक मोठा गुण. काळी, करडी, बाहेर ठळक नाव नसलेली घ्या. हजारो लोकांच्या पाठीवर असते तशीच दिसू द्या.

पाठीचं माप हा विषय तुमच्या बाबतीत मी जरा लांबवणार आहे, कारण कमी उंचीच्या माणसांची इथेच फसगत होते. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक हाड ठळक लागतं. तिथून खाली, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत घरातल्या कुणाकडून टेपने माप घ्या. तुमच्या उंचीला ते साधारण चाळीस सेंटिमीटरच्या आसपास किंवा थोडं कमी येईल. मोठ्या सॅकचा कमरपट्टा याच्यापेक्षा बराच खाली येतो, मग तो कमरेच्या हाडावर न बसता पोटाखाली लोंबतो आणि सगळा भार खांद्यांवर राहतो. जाड कमरपट्टा चांगलाच, पण तो हाडावर बसला तरच. पाच-सहा किलोंच्या रोजच्या ओझ्याला तो नसला तरी चालतं. छातीवरची छोटी क्लिप मात्र हवीच, आणि ती वर-खाली सरकणारी हवी. खांद्याचे पट्टे सरळ काठीसारखे नकोत, आत वळलेले हवेत. सरळ पट्टे अरुंद खांद्यांवरून घसरतात किंवा काखेत काचतात. लॅपटॉप पाठीला लागून, इन्सर्टही शक्य तितका पाठीजवळ. जड वस्तू पाठीपासून जितकी लांब, तितकी सॅक मागे ओढते.

आता पाऊस. आर१० ला पाण्यापासून संरक्षण देणारी सीलबंद रचना नाही, तुमच्या १००-४०० लाही नाही. त्यामुळे सगळी भिस्त सॅकवर. 'वॉटर-रेझिस्टंट' लिहिलेलं कापड सरीत टिकतं, मुंबईच्या दिवसभराच्या पावसात नाही. पाणी कापडापेक्षा शिवणीतून आणि चेनमधून शिरतं. रेनकव्हर जरूर घ्या, पण ते फक्त बाहेरची बाजू झाकतं. पाठीची बाजू उघडीच राहते आणि खांद्यावरून ओघळणारं पाणी पट्ट्यांच्या मुळाशी जिरतं. छत्रीखाली डोकं कोरडं राहतं, सॅक छत्रीबाहेर भिजत असते, हे रोजचंच. यावर चांगला उपाय म्हणजे इन्सर्ट अख्खा एका ड्राय बॅगेत घालणं. ट्रेकिंगच्या दुकानात तोंड गुंडाळून बंद करायच्या पातळ ड्राय बॅग मिळतात, आठ-दहा लिटरची पुरेल. मग सॅक चिंब झाली तरी चालेल.

भिजण्यापेक्षाही मला बुरशीची भीती जास्त वाटते, कारण भिजलेलं लगेच दिसतं आणि बुरशी महिन्यांनी दिसते. हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की लेन्सच्या आत बुरशी धरू शकते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती ८० च्या वर असणं नेहमीचंच. फोमचा इन्सर्ट ओल धरून ठेवतो, आत अंधार आणि हवा बंद. म्हणून घरी आल्यावर कॅमेरा सॅकमध्ये ठेवायचा नाही. हा नियम जून ते ऑक्टोबर तरी मोडू नका. उरलेले पैसे लावायचे ते इथे: एकतर छोटं ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट घ्या आणि आतली आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर ठेवा. नाहीतर झाकण घट्ट बसणारा मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. रिकामा इन्सर्ट आणि सॅक चेन उघड्या ठेवून पंख्याखाली.

एसीतून बाहेर येतानाचंही लक्षात ठेवा. एसी ऑफिस किंवा एसी लोकलमधून दमट हवेत आल्या आल्या कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते. बंद सॅकमध्येच वीस-पंचवीस मिनिटं राहू द्या, बाहेरच्या हवेइतका गरम झाला की काढा. मनालीत उलटं होईल. बाहेरच्या थंडीतून हॉटेलच्या गरम खोलीत शिरण्याआधी कॅमेरा इन्सर्टमध्ये बंद करा आणि खोलीत लगेच उघडू नका.

रविवारसाठी वेगळी सॅक लागत नाही. लॅपटॉप घरी राहिला की त्याची जागा १००-४०० ला मिळते. ही लेन्स मिटलेली साडेसोळा सेंटिमीटर लांब आणि आठ सेंटिमीटर जाड आहे, म्हणून तिच्यासाठी वेगळी फोमची नळकांडी पिशवी घ्या आणि ती सॅकमध्ये उभी ठेवा. भिगवणला तर ती लेन्स होडीत बसण्याआधीच कॅमेऱ्याला लावा. तिथे उजनी धरणाच्या पाण्यावर वारा असतो, शिंतोडे उडतात, तिथे सॅक मांडीवर घ्यायची आणि बंद ठेवायची. किल्ल्यांवर लहान सॅकचं मोल आणखी कळतं. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांवर खोबणीत हात घालून चढताना अंगाबाहेर रुंदीला जाणारी, मागे ओढणारी सॅक नको वाटते, आणि ट्रायपॉड बाजूला लटकत असेल तर ती धोकादायकही होते. ट्रायपॉडची हौस सध्या बाजूला ठेवा. अजिंठा-वेरुळसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तो परवानगीशिवाय लावताच येत नाही. कासला गेलात तर आणखी एक विनंती. फुलांचा फोटो घेताना सॅक पाठीवरच राहू द्या, पठारावर टेकवू नका. तिथे मोकळी वाटणारी जागाही बहुतेक वेळा रोपांचीच असते.

विमानाचं सोपं आहे. देशांतर्गत उड्डाणांत केबिन बॅगेला सहसा ७ किलोंची मर्यादा असते. ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर हे माप इंडिगोचं, इतरांचं तिकिटावर बघून घ्या. वीस लिटरची सॅक त्यात आरामात बसते. जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप). तुमच्या कॅमेऱ्याची एलपी-ई१७ बॅटरी साडेसात वॉट-अवरच्या आसपास आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४, त्यामुळे काळजी नाही. बॅटऱ्यांची टोकं झाकणाने बंद ठेवा. सुरक्षा तपासणीत कॅमेरा वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, तेव्हा इन्सर्ट वरच असलेला बरा. आणि इन्सर्टचा खरा फायदा चंडीगडहून पुढे कळेल. बसवाला सॅका डिकीत टाकायला सांगेल, तेव्हा नुसता इन्सर्ट उचलायचा आणि मांडीवर घेऊन बसायचं. विमान भरलेलं असलं आणि सॅक खाली द्यायची वेळ आली तरी हेच. पंधरा हजारांच्या त्या मोठ्या सॅकमध्ये कप्पे शिवलेले किंवा वेल्क्रोने धरलेले असतील तर असं करता येणार नाही.

पूर्ण कॅमेरा सॅक वाईट असते असं मी म्हणत नाही. कॅमेरा सॅक बनवणारी लोप्रो ही कंपनी ग्रेग लोव या अमेरिकन गिर्यारोहकाने १९६७ साली सुरू केली. डोंगरात, ऊन-पावसात, दिवसभर कॅमेरा बाळगण्याचा विचार त्या बनावटीत आहे. दोन कॅमेरे आणि फ्लॅश घेऊन लग्नांचे फोटो काढणाऱ्याला किंवा दोन किलोंची १५०-६०० लेन्स घेऊन जंगलात जाणाऱ्याला ती हवीच. तुम्ही उद्या तशी लेन्स घेतलीत तर मीच तुम्हाला ती सॅक घ्यायला सांगेन, आणि तेव्हाही ती दुसरी सॅक असेल. रोजची ही साधी सॅक तुम्ही वापरतच राहाल.

खरेदी ऑनलाइन करू नका, निदान सॅकची तरी. एका शनिवारी सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात इन्सर्ट बघा, तिथे कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत. सॅक ट्रेकिंगच्या किंवा खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानात. जाताना लॅपटॉप, भरलेली बाटली, रिकामा डबा, कॅमेरा सगळं घरून न्या. दुकानात सॅक भरा, पंधरा मिनिटं पाठीवर आणि पाच मिनिटं छातीवर घालून उभ्या राहा, वाका, जिना चढा-उतरा. चेन एका हाताने, न अडकता उघडते का बघा, कोपऱ्यात वळताना जास्त लक्ष द्या. पट्टे सॅकला जिथे जोडलेत तिथे आडवी-तिरकी दुहेरी शिवण आहे का, वरचं हँडल ओढल्यावर टाका ताणला जातो का, हे पाहून घ्या. रॅकवरून ओढताना आधी हँडलच उसवतं. तळाला जाड कापड हवं. लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन सेंटिमीटर वर संपत असेल तर उत्तम, म्हणजे सॅक टेकवली तरी लॅपटॉप जमिनीवर आदळत नाही. विक्रेता घाई करत असेल तर सरळ दुसऱ्या दुकानात जा.

आणि मनालीची वाट बघू नका. सॅक या महिन्यातच घ्या, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत तिचे पट्टे तुमच्या खांद्याला बसलेले असतील आणि कुठली वस्तू कुठे आहे हे न बघता हाताला कळेल.